पैसे देऊन थुंकणं

एरंडोल हे एके काळी कागदाचं गाव होतं. इथला हातकागद पूर्वी नावाजलेला होता, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरात आहे. कुणाकुणाच्या खतावण्या त्या कागदावर लिहिल्या गेल्या असतील! आमच्या घराण्यानं मात्र गावच्या या मालाला शाई लावल्याचा पुरावा नाही. पणजोबांच्या पलीकडे आमच्याकडे एक चिटोरंही नाही.

आमचंच कशाला, 1852 साली सरकारी मोजणी आली तेव्हा खानदेशात दंगा उसळला आणि त्यात एरंडोलही होतं. मोजणीदाराला आजोबांच्या आजोबांनी पिटाळायचं आणि नातवंडांनी ‘नोंद सापडत नाही’ म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या, असा हा वारसा.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कोतवाल बुकांवरची धूळ झटकली गेली, मोडी वाचणाऱ्याला जावयाचा मान आला. त्या हवेत आम्हीही माळ्यावरची पेटी उतरवली. आत कुणाच्या तरी लग्नातल्या अहेराची यादी निघाली, एक न फेडलेल्या कर्जाची पावती निघाली आणि वाळवी निघाली. वाळवी वंशपरंपरागत असावी.

मग पुण्याचा पुतण्या म्हणाला, ‘काका, कागद सोडा. डीएनए करू.’

मुळाबद्दल घरात एकमत कधीच नव्हतं. जिभाऊंच्या मते आम्ही राजपुतान्यातून घोड्यावर बसून आलो. फुईच्या, म्हणजे आत्याच्या, मते बैलगाडीतून, आणि ती गाडीही उसनी. शिवाय एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमानं बकासुराला इथंच मारलं, ही गावाची श्रद्धा. त्यामुळे काही चुलत्यांचा ओढा थेट भीमाकडे. पंगतीत त्यांना भरीत-पुरी खाताना पाहिलं, तर वंश बकासुराचा वाटतो.

बापाकडची सरळ रेघ वाय गुणसूत्रावरून लागते. ते फक्त बापाकडून मुलाकडे जातं. म्हणून घरातला सर्वांत वडील पुरुष निवडला, म्हणजे जिभाऊ. नळीत थुंकण्याआधी अर्धा तास तोंडात काही नको, अशी अट. तंबाखूशिवाय अर्धा तास! जिभाऊंनी तो उपासाच्या गांभीर्यानं काढला आणि शेवटी विचारलं, ‘पैसा देईसन थुकानं?’ जन्मभर ‘येथे थुंकू नये’ वाचलेल्या माणसाचा प्रश्न रास्त होता.

अहवाल आला. पहिल्या पानावर रंगीत नकाशा आणि निष्कर्ष: दक्षिण आशियाई. एवढं तर जळगाव स्टेशनवरचा तिकीट तपासनीस नुसतं बघून सांगतो, तेही फुकट.

वाय गुणसूत्राचा गट निघाला ‘आर-वन-ए’. हा गट आपल्याकडे जसा आढळतो तसाच पोलंड-रशियाकडेही भरपूर. मूळ एक, पण फाटाफूट काही हजार वर्षांपूर्वीची. पुतण्यानं हे समजावून सांगितलं. जिभाऊंनी शांतपणे ऐकलं आणि मुद्द्याला हात घातला: ‘मंग तठे आपलं वावर कितलं शे?’

पुढच्या पानांवर ‘तुमचे नातेवाईक’ अशी लांबलचक यादी होती, सुरतेपासून लंडनपर्यंत. तिचं कारण हैदराबादच्या सीसीएमबीचे थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राईक यांच्या गटानं 2013 मध्येच सांगून ठेवलंय. साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी या देशात सगळे सगळ्यांत मिसळले आणि मग आपण दारं लावून जातीतल्या जातीत सोयरिकी करत बसलो. तेव्हा यंत्राला जो तो चुलतभाऊ दिसणारच. खानदेशात तर हे काम लग्नाच्या मांडवात होतं. दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की शेवभाजी येईपर्यंत एकमेकांचे साडू निघतात. नळी लागत नाही.

थट्टा पुरे. या शास्त्रानं कागदाच्या पलीकडचं खरोखर दाखवलं ते आपल्या कोकणात. बेने इस्रायली सांगत आले की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. लेखी पुरावा काही नाही. गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं, कारण ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. 2016 मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंश आणि स्थानिकांचा अंश, दोन्ही सापडले. मिसळ 19 ते 33 पिढ्यांमागची. जहाजावर किती जण होते ते जनुकांनी सांगितलं नाही, पण कथा अगदीच हवेतली नाही, एवढं निश्चित केलं.

आम्हाला हवं होतं ते मात्र मिळालं नाही. खापरपणजोबांचं नाव जनुकांत लिहिलेलं नसतं, आणि अहवाल तहसीलदारापुढे ठेवला तर तो फार तर चहा विचारील. शिवाय दहा पिढ्या मागं गेलं की पूर्वजांच्या जागा 1024 होतात. त्यांतल्या कित्येकांचा एक कणही आपल्यात उरत नाही. वाय गुणसूत्र त्या 1024 पैकी एकाच पुरुषाची साक्ष देतं, आणि भांडण चाललं होतं त्या एकाच्या घोड्यावरून.

(जिभाऊंची थुंकी आता कुणाच्या ताब्यात आहे, तेही कळत नाही. या धंद्यातली अमेरिकेची नामांकित कंपनी ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, तेव्हा दीड कोटी गिऱ्हाइकांना हाच घोर लागला. जिभाऊ म्हणाले, ‘थुकीबी गहाण पडनी.’)

अहवालाच्या शेवटच्या पानावर आईकडची रेघ होती. मायटोकाँड्रिया मुलांना फक्त आईकडून मिळतात. जिभाऊंचा गट ‘एम’, निम्म्याहून अधिक भारतीयांचा. ते पान कुणी वाचलंच नाही. आपल्या वंशावळी तशाच. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, कोरवलेल्या लेखात त्रिविक्रमापासूनच्या पिढ्या आहेत, पण पायरी प्रत्येक वेळी बापाकडून लेकाकडे. भाटाची वही तीच, त्र्यंबकच्या उपाध्यायांची नामावळीही बहुतेक तीच.

मी फुईला तिच्या आजीचं नाव विचारलं. तिनं उलट विचारलं, ‘माहेरनं का सासरनं?’ सासरचं तिला आठवलं. माहेरचं नाव आजीनं लग्नाच्या मांडवात ठेवलं ते ठेवलंच.

तेव्हा वाचकहो, नळी मागवण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिच्या आईचं, आजीचं माहेरचं नाव विचारा, गावासकट लिहून घ्या. त्यातून पैसे उरले, तर खुशाल थुंका.