घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारच्या अलाइनमेंटचा विधी

इंग्लंडमध्ये आपल्या गॅरेजात स्वहस्ते स्पोर्ट्स कार बांधणाऱ्या गृहस्थांचा एक जुना आणि चिवट संप्रदाय आहे, आणि त्या संप्रदायात गाडीची अलाइनमेंट, म्हणजे चारही चाकांचे एकमेकांशी व रस्त्याशी असलेले कोन ठरवून पक्के करणे, हे सर्वांत शेवटचे व सर्वांत गंभीर कर्म मानले जात असल्याने त्याचे विवेचन अधिकार, सामग्री, विधी आणि फलश्रुती या क्रमानेच करणे योग्य होय.

प्रथम अधिकार. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही हलकी, उघडी, दोन आसनांची गाडी सुट्या भागांच्या रूपातही विकायला काढली, कारण तयार गाडीवरचा खरेदीकर सुट्या भागांवर लागत नसे. जोडणीच्या सूचना सोबत देणे त्या सवलतीत बसत नसल्यामुळे गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देण्यात आल्या आणि ग्राहकांनी त्या शेवटाकडून वाचल्या, असे या संप्रदायात सांगितले जाते. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या २५० पौंडांत अशीच गाडी घरी बांधता येते असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि अनेकांनी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे अवयव काढून चौकोनी नळ्यांच्या सांगाड्याला जोडले. ज्याने हा २५० पौंडांचा आकडा पत्नीला एकदा सांगितला आणि त्यानंतर त्याचा उच्चार कटाक्षाने टाळला, तोच या कर्माचा अधिकारी समजावा.

सामग्रीत पहिली आणि दुर्मीळ वस्तू म्हणजे सपाट जमीन. गॅरेजची फरशी पाणी बाहेर जावे म्हणून बहुधा दाराकडे उतरती केलेली असते, त्यामुळे पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांच्या जागांची पातळी तपासावी आणि जिथे उणीव असेल तिथे फरशीचे तुकडे सारून ती भरून काढावी. पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे एकावर एक ठेवावेत, कारण जॅकवरून उतरलेली गाडी चाके आत ओढलेल्या स्थितीतच टेकते आणि टायर घसरू शकला नाही, तर पुढची सर्व मोजमापे सस्पेन्शनची न होता घर्षणाची होतात. टायरमधील हवा दोन्ही बाजूंना सारखी असावी. अशा गाडीचे वजन ५००-६०० किलोच्या आसपास असते, म्हणजे ८० किलोचा चालक हा काही किरकोळ भार नव्हे. तो बसला की गाडी खाली दबते आणि कोन बदलतात, म्हणून मोजणीच्या वेळी त्याच्या आसनावर तितक्याच वजनाची वाळूची पोती ठेवतात. पोत्यांऐवजी घरातील माणूस बसवल्याची उदाहरणे आहेत, परंतु वाळू प्रश्न विचारत नाही.

विधीचा क्रम मोडता येत नाही. आधी गाडीची जमिनीपासूनची उंची, मग कास्टर, मग कॅम्बर आणि शेवटी टो, कारण आधीचा प्रत्येक फेरफार नंतरच्याला बिघडवतो. कास्टर म्हणजे ज्या अक्षाभोवती पुढचे चाक वळते, त्या अक्षाचा बाजूने पाहिल्यास दिसणारा मागचा कल. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते प्रामुख्याने याच्यामुळे, आणि रस्त्यावर येण्यापूर्वीच्या सरकारी तपासणीत परीक्षक नेमके तेच पाहतो. हा कल थेट मोजता येत नाही, म्हणून चाक २० अंश बाहेर आणि २० अंश आत वळवून दोन्ही वेळचा कॅम्बर मोजावा आणि त्यांतील फरकाला साधारण दीडने गुणावे. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, पाणसळीने कळतो. १३ इंची रिमच्या कडेपासून कडेपर्यंत वर-खाली सुमारे ६ मिलिमीटरचा फरक पडला, तर तो १ अंश झाला. वरची बाजू किंचित आत झुकलेली ठेवतात, कारण वळणावर गाडी कलंडू लागली की बाहेरचे चाक तेव्हा कुठे रस्त्यावर नीट बसते. कॅम्बर बदलण्यासाठी विशबोनच्या, म्हणजे चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा सांधा सोडवून अर्धा फेरा फिरवायचा, पुन्हा बसवायचा, गाडी थोडी पुढेमागे ढकलून सस्पेन्शन स्थिरावू द्यायचे आणि पुन्हा मोजायचे असते. या अवधीत चहा निवतो.

टो म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे एकमेकांकडे वळली आहेत की एकमेकांपासून फटकून आहेत ते. त्यासाठी गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, समांतर दोऱ्या ताणतात. येथे नवशिके दोरी टायरपासून समान अंतरावर लावून मोकळे होतात आणि फसतात, कारण पुढच्या व मागच्या चाकांमधील रुंदी सहसा सारखी नसते. अंतर हबच्या मध्यापासून धरावे आणि ते डाव्या-उजव्या बाजूंना जुळवावे. मग रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजायचे. त्यांतील १ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण १० कला, अर्थात अंशाचा सहावा हिस्सा. रिमच मिलिमीटरभर वाकडी असू शकते, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजून सरासरी काढणे शास्त्रसंमत आहे, आणि अर्ध्या मिलिमीटरचा दावा करणाऱ्याने पोलादी टेप बाजूला ठेवून आधी आपला चष्मा तपासणे हेही. दोरीला कोणाचा पाय लागला, तर सर्व पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, आणि पाय लागतोच. मागचा ॲक्सल एकसंध असल्यास तिथे फिरवण्याजोगे काही नसते. तो गाडीच्या मध्यरेषेशी काटकोनात आहे एवढे पाहावे आणि तो तसा नसल्यास दोष सांगाड्याच्या वेल्डिंगचा आहे हे मनातल्या मनात मान्य करावे.

फलश्रुती पहिल्या सरळ रस्त्यावर मिळते. गाडी सरळ धावते, मात्र स्टिअरिंग व्हील घड्याळातील दहाच्या आकड्याकडे झुकलेले असते. शास्त्रोक्त उपाय असा की, स्टिअरिंग रॅक मध्यावर आणून एका बाजूचा टाय रॉड, म्हणजे रॅक आणि चाक यांना जोडणारा दांडा, जितका लांबवला, तितकाच दुसऱ्या बाजूचा आखडावा. दुसरा उपाय स्टिअरिंग व्हील उचलून एक दाता सरकवून बसवण्याचा आहे. त्याने रॅक मध्यापासून ढळलेलाच राहतो आणि गाडी एका बाजूस जास्त, दुसऱ्या बाजूस कमी वळते, म्हणून तो निषिद्ध असून बहुधा अंधार पडल्यावर केला जातो.

टायरच्या दुकानातील लेझर मशीन हे सारे थोडक्या वेळात करून छापील कागद हाती देते, म्हणून तिकडे जावे की नाही यावर मतभेद आहेत. जाणाऱ्याने तिथल्या माणसाला आपले आकडे आधी सांगू नयेत. कागद घरच्या वहीशी जुळला, तर तो गॅरेजच्या भिंतीवर लावावा. न जुळला, तर मोजणीच्या वेळी चालकाचे आसन रिकामे होते, हा आक्षेप निःसंकोच घ्यावा, कारण तो तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे आणि वाळूची पोती कोणत्याच दुकानात ठेवत नाहीत.