उलट्या क्रमाची एक ओळ

मोटारीचा मागचा ॲक्सल उतरवण्याची कृती दुरुस्तीची पुस्तके पानभर सांगतात. तो परत चढवण्याला मात्र त्यांना एक ओळ पुरते: हेच सारे उलट्या क्रमाने करावे. ही ओळ लिहिणाऱ्याला एकदा गाडीखाली झोपवायला हवे. ॲम्बॅसडरचेच घ्या. २०१४ साली उत्पादन थांबले, तरी आपल्या अंगणात ती दुरुस्त करणाऱ्यांची हौस काही थांबलेली नाही. उतरवताना गंजलेला यू-बोल्ट तुटला तरी चालतो, उलट सुटका होते. बसवताना तो तुटून चालत नाही. ब्रेकची नळी सोडली की तेल आपोआप गळते. जोडल्यावर ते आपोआप परत चढत नाही, आत शिरलेली हवा पेडल दाबणारा एक सोबती घेऊन चाकागणिक काढावी लागते. प्रोपेलर शाफ्टच्या जोडावर आधी खूण केली नसेल, तर उलटा क्रम नेमका कुठून मोजायचा?

गाडी साधी आहे, नाक्यावरचा मिस्त्रीही हे करायचा, असा आक्षेप येतो. करायचा खरा, पण त्याच्याकडे दोन पोरे आणि अनुभव होता, पुस्तक नव्हते. मजुरी वाचते, हेही मान्य. ती वाचलेली मजुरी आधी गाडी टेकवायच्या दोन भक्कम घोड्यांवर खर्च करा, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाऊ नका.