उरलेल्या नटास अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. नट (पाना नंबर दहा),
मुक्काम : श्रीखंडाचा रिकामा डबा, गाडीतला कप्पा, शेंद्रा.

विषय : आपण नेमके कुठले, याचा तात्काळ खुलासा करणेबाबत.

महोदय,

रविवारी सव्वाचारला बॉनेट आपटलं, हात पुसले, बायकोला ऐटीत ‘झालं बघ’ म्हणालो आणि फरशीवर आपण दिसलात. एकटेच, तेलकट, कोणाचे कोण. घर हरवलेला नट मराठी माणसाला नवा नाही. पण तो स्वतःच्याच पार्किंगमध्ये भेटेल, असं वाटलं नव्हतं.

आपल्याला आमच्या घराण्याची माहिती हवी. गाडी २००८ ची, पेट्रोल, एमएच २०. ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या, तेव्हाच्या औरंगाबाद शहरातल्या मंडळींनी एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या आणि देशभर गाजावाजा झाला, तेव्हा मी याच गाडीचे हप्ते फेडत होतो. हप्ते संपले आणि दुखणी सुरू झाली. तिला पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत सरकारनं नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये करून ठेवली होती. ती भरली आणि ठरवलं, यापुढे मिस्त्रीला एक पैसा द्यायचा नाही.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं होतं. तेल झिरपून गरम एक्झॉस्टवर पडे आणि सिग्नलला उभं राहिलं की गाडीत जळका वास येई. पॅकिंग मिळालं साडेतीनशेला. मिस्त्रीची मजुरी पाचशे. ती वाचवायची म्हणून मी अठराशे पन्नासचा सॉकेट सेट आणला. हिशेब विचारू नका, बायकोनं विचारून झाला आहे.

तसा मी अडाणी नाही. शेंद्र्यात २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला, ऑक्टेव्हिया इथे जोडल्या जाऊ लागल्या, आजूबाजूला कारखाने वाढत गेले. त्यांतल्याच एका लहानशा कारखान्यात मीही बारा वर्षं लाइनवर नट आवळतो. तिथे आपल्यासारख्याला उरायची सोयच नाही. माझ्या हातातली गन मोजते. सहाच्या जागी पाच आवळले, तर लाल दिवा लागतो आणि जॉब पुढे सरकत नाही. आवळलेल्या प्रत्येकावर पिवळ्या पेनाची रेघ. या व्यवस्थेला पोका-योके म्हणतात. शिगेओ शिंगो नावाच्या जपानी इंजिनियरनं ती १९६० च्या दशकात मांडली. आधी त्यानं तिचं नाव ‘बाका-योके’ ठेवलं होतं, म्हणजे मूर्खापासून बचाव. एका कामगार बाईला ते लागलं, ती रडली. तेव्हा त्यानं नाव बदलून ‘चुकीपासून बचाव’ असं केलं. ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट मी नव्या पोरांना सांगतो. रविवारी मात्र ते पहिलं नावच बरोबर होतं, अशी माझी खात्री झाली.

कारण घरी गन नाही, दिवा नाही, रेघ नाही. होता तो फक्त आत्मविश्वास. हात जायला जागा हवी म्हणून एअर फिल्टरचा डबा काढला, बॅटरी काढली, दोन पाइप सोडले. निघालेलं सगळं एका ताटलीत. कव्हर बसवताना मधून कडेकडे, थोडं थोडं, आळीपाळीनं आवळलं. एकदम आवळलं की पॅकिंग चेपतं, आटे जातात. तेवढी अक्कल होती. ताटली रिकामी झाली, मी कृतार्थ झालो. आपण ताटलीतून कधी उडी मारलीत, ते आपल्यालाच ठाऊक.

सोमवारी ड्यूटीला निघालो, तर प्रत्येक स्पीडब्रेकरला ‘टक्’. शेजारी म्हणाले, शॉकअप. मेहुणा म्हणाला, इंजिन माउंटिंग. बायको म्हणाली, आता शेंद्र्याच्या मांगीरबाबाला नवस बोला. शेवटी आपल्याला डब्यात घालून, मान खाली घालून मिस्त्रीकडे गेलो.

‘कामून खोलली भाऊ तुम्ही?’ एवढंच त्यांनी विचारलं. हसले नाहीत. आपल्याकडे नीट पाहिलं आणि फळीवरून तेलाचा एक कापलेला डबा काढला. गंजलेल्या नटांनी अर्धा भरलेला.

‘हे सगळे माझ्या हातनं उरलेले. पहिल्या चार-पाच वर्षांतले.’

‘नंतर?’

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला पुठ्ठे टांगलेले. एकेका पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं कव्हराचा वेडावाकडा आकार, कडेनं भोकं. बोल्ट निघाला की ज्या जागेचा त्याच भोकात खोचायचा, वर त्याचाच नट फिरवायचा. गाडी बंद करताना पुठ्ठ्यावर काही राहिलं, तर गाडी बंद झालेली नाही. शिंगोचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही. शाळा चौथीत सुटली.

मी बारा वर्षं पोका-योकेच्या आत उभा राहून एकही नट न उरणं हा माझाच गुण समजत होतो. तो गनचा होता.

तरी महोदय, आपण उरलात याबद्दल रागवावं की आभार मानावेत, हे ठरलेलं नाही. मजुरी द्यायला खिशात हात घातला, तर मिस्त्रींनी एक कोरा पुठ्ठा हातात ठेवला. पैसे घेतले नाहीत. म्हणजे पाचशे वाचले, असं मी घरी सांगितलं आहे. आपण साक्ष द्यावी.

आपला,
एक लाइन ऑपरेटर

ता. क. : बॉनेट उघडून मिस्त्रींनी बॅटरीला हातानं धक्का दिला. ‘टक्.’ क्लॅम्पचा एक बोल्ट उघडाच होता. आपली जागा तिथे रिकामी आहे; पत्र मिळताच रुजू व्हावे.