चौथ्या सीटवरचा समाजशास्त्रज्ञ

डोंबिवलीत मुलगा बरे मार्क मिळवूनही आर्ट्सला गेला की शेजारी हळहळतात. त्यातून त्याने एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं की विचारतात, "म्हणजे समाजसेवा का रे?" तो "नाही" म्हणाला की आपणच त्याला धीर देतात, "असू दे, एमपीएससीला उपयोगी पडेल."

पहिले काही महिने हा प्राणी निरुपद्रवी असतो. मग त्याला कळतं की मुंबई विद्यापीठातला, कलिन्याचा आपला विभाग १९१९ सालचा, सुरू केला पॅट्रिक गेडिसनी. पुढे तिथे घुर्ये आले आणि त्यांच्याच हाताखाली इरावतीबाई कर्व्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला. झालं! त्या दिवसापासून आईचं हळदीकुंकू म्हणजे 'विधी' आणि सोसायटीची मीटिंग म्हणजे 'सत्तासंबंध'. दिवाळीच्या पहाटे नवा झब्बा घालून फडके रोडवर जायचं, तेही म्हणे फील्डवर्कला. आई म्हणते, "जातोच आहेस तर येताना कोथिंबीर आण."

त्याचा खरा बहर मात्र लोकलमध्ये. बाक तिघांचा, पण तिघांनी सरकून चौथ्याला टेकायला जागा द्यायची, हा नियम रेल्वेने कुठेही लिहिलेला नाही. तरी तो मोडायची कुणाची छाती होत नाही. "यालाच दरखाईम सामाजिक तथ्य म्हणतो," तो दांडीला लोंबकळत सांगतो. "ते आपल्या बाहेर असतं आणि आपल्यावर दाब टाकतं." दाब सगळ्यांनाच कळत होता. त्याचं दरखाईमपुराण संपेपर्यंत चौथ्या सीटवर कुणीतरी टेकलेलंही असायचं.

प्रबंधाला विषय त्याने हाच घेतला : लोकलमधले ग्रुप. प्रश्नावली काढली. "आपण किती वर्षं या डब्यात आहात?" या प्रश्नावर एका काकांनी उत्तराऐवजी त्याच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. दसऱ्याला डबा सजवायची वर्गणी गोळा करायचं काम त्याच्याकडे आलं, कारण अनोळखी माणसाला नको ते विचारायचा सराव एकट्या त्यालाच होता. कुर्ल्याला उतरताना त्याची बॅग आता आपोआप हातोहात दारापर्यंत येते. याला 'सहभागी निरीक्षण' म्हणतात, असं तो मला बजावतो. निरीक्षण कधी करतो, ते मला अजून दिसलेलं नाही.

परवा ठाण्याला एक पोरगा खांद्याला बॅग, हातात वही घेऊन पायरीवर लटकला आणि म्हणाला, "जरा आत सरकता का?"

आमचा समाजशास्त्रज्ञ दार अडवून गरजला, "जागा नाय! मागची घे, रिकामी येतेय!"