एका तारेची वाटणी

आमच्या घरात फोनचा नंबर एक आणि तो उचलायच्या जागा पाच. धर्माबादच्या मिरचीच्या अडत्याचं घर ते. रस्त्याला दुकान, मागं गोडाऊन, त्याच्या मागं राहायचं घर आणि वर माडी. पहिला फोन आबांच्या गादीजवळ बसला, तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून अर्धा दिवस वाट बघावी लागे. त्यामुळं फोन आला तो मानानं आला, आणि मान म्हटल्यावर तो घरात प्रत्येकाला लागतो.

दुकानात बोललेलं सगळं धाकट्याच्या कानावर जातं म्हणून मोठ्या काकांनी आपल्या खोलीत एक फोन ओढून घेतला. काकूंचं माहेर निजामाबादचं, म्हणून एक स्वयंपाकघरात आला. तिथलं बोलणं चोरून ऐकायची सोय सगळ्यांना होती, पण ते तेलुगूत चाले आणि इतक्या वेगानं चाले, की बाजारात तेलुगू गिऱ्हाइकांशी दिवसभर घासाघीस करणारे आमचे लोकही हात टेकत. माडीवरचा फोन नव्या सुनेसाठी. पाचवा ओसरीवर आजीसाठी. आजीनं जन्मात कुणाला फोन लावला नाही. ‘‘समद्यायला हाय, मंग मला कामून नाही?’’ एवढाच तिचा मुद्दा होता आणि त्याला कुणाकडं उत्तर नव्हतं.

हे सगळं वायरिंग घरगुती. घरातलं जे पोरगं विज्ञान घेऊन बारावी पास होई, त्याच्या हाती पक्कड देत. तारा दातानं सोलायच्या, पीळ द्यायचा, वर काळी चिकटपट्टी. पट्टी संपली तिथं जखमेचं प्लॅस्टर. एक फाटा मुनीमजींच्या खोलीत गेला होता. मुनीमजी गेले, त्यांचा फोनही गेला, तार मात्र भिंतीतून तोंड बाहेर काढून तशीच होती.

बोलायला हे सगळं चालत होतं. माणसाचा आवाज सोशिक असतो, तीनेकशे ते साडेतीन हजार हर्ट्झमध्ये त्याचं भागतं. खरखर झाली तर आपण ‘‘हॅलो, हॅलो’’ करून मोठ्यानं बोलतो. इंटरनेटला असं ओरडता येत नाही. देशात सरकारी ब्रॉडबँड २००५च्या जानेवारीत आलं, आमच्या घरी त्यानंतर काही वर्षांनी. ते त्याच तांब्याच्या जोडीवरून येतं, पण पंचवीस किलोहर्ट्झच्या वर, पार अकराशेपर्यंत. तिथं प्रत्येक कच्चा जोड नडतो. उघड्या फाट्याचं तर विचारूच नका. सिग्नल त्यात शिरतो, टोकाला कुणी नाही असं बघून माघारी वळतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलच्याच अंगावर आदळतो. आमचं बरंचसं इंटरनेट मुनीमजींच्या रिकाम्या खोलीत जाऊन परत येत असे.

त्यातून फोन वाजला की मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा विझे. घंटीच्या वेळी तारेतून पाऊणशे व्होल्टच्या घरातला झटका येतो आणि आमच्या एकाही फोनला फिल्टर नव्हता. जुलै २०१०मध्ये गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याला विरोध करायला तिकडं निघालेल्या आंध्रच्या चंद्राबाबू नायडूंना आणि त्यांच्या आमदारांना पोलिसांनी पकडून आमच्या आयटीआयमध्ये ठेवलं होतं. सगळ्या चॅनेलवर धर्माबाद. पुण्यापासून हैदराबादपर्यंतच्या यच्चयावत नातेवाइकांना आमची आठवण झाली. ‘‘काय चालू हाय तिकडं?’’ विचारायला दर पाच मिनिटांनी फोन. मी बातमीचं पान उघडायला बसलो, की पान अर्ध्यावर यायचं, घंटी वाजायची, दिवा विझायचा. आपल्या गावात काय चाललंय हे मला शेवटी मावसभावानं पुण्याहून सांगितलं.

मग लाइनमन आले. बाहेरच्या खोक्यापाशी टेस्ट फोन लावून त्यांनी निकाल दिला, ‘‘इथपर्यंत लाइन झकास हाय. बिघाड तुमच्या घरात हाय.’’ काकू स्वयंपाकघरातून एकदम बाहेर आल्या. ओसरीवरून आजी म्हणाली, ‘‘मी तर कवापासून सांगायले.’’

तारेचा माग काढत ते गोडाऊनात शिरले. सीझन सरला तरी मिरचीच्या पोत्यांचा खकाणा तिथं वर्षभर असतो. आम्हाला जन्मापासून सवय. ते मात्र शिडीवर, एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात तार, आणि शिंक अशी आली की माळ्याजवळचा जोड हातातच सुटून आला. आत तांबं हिरवं पडलं होतं. नाक पुसत ते म्हणाले, ‘‘सापडला.’’ त्यांच्या खात्यात बिघाड शोधायची ही पद्धत असावी असं आजीला बरेच दिवस वाटत होतं.

त्यांचा पहिला सल्ला साधा होता. पाचातले चार फोन काढा. हे ऐकून घरात जी शांतता पसरली, ती आबा गेल्यावर दुकानाच्या हिशेबाच्या वह्या उघडल्या तेव्हाच पसरली होती. कुणाचा काढायचा? मोठ्या काकांनी आजीकडं बघितलं, आजीनं काकूंकडं आणि काकूंनी माझ्याकडं. मला इंटरनेट हवं होतं, म्हणजे भांडणाचं मूळ मीच.

लाइनमन आमच्याच भागातले, त्यांना घरं कळत होती. त्यांनी पिशवीतून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पांढरी डबी काढली. स्प्लिटर. तार घरात शिरते तिथंच तो बसवला. एका दारातून खालचा आवाज बाहेर, दुसऱ्यातून वरचं इंटरनेट. इंटरनेटच्या दारापासून नवी, अखंड, एकही जोड नसलेली तार थेट मॉडेमपर्यंत. बाकी पाचही फोन, त्यांचे पीळ, प्लॅस्टर आणि मुनीमजींचा फाटा दुसऱ्या दाराआड गेले. तिथं त्यांनी वाटेल तेवढं खरखरावं. कुणाचं काही काढलं नाही आणि सगळे वेगळे झाले. इतकी शांत वाटणी आमच्या भावकीत त्याआधी झाली नव्हती.

फक्त नव्या तारेला सरळ वाट एकच होती, मोठ्या काकांच्या खोलीतून. त्यांनी परवानगी दिली, पण मॉडेम त्यांच्याच टेबलावर राहील या अटीवर. तेव्हापासून इंटरनेट वापरायचं असेल तर आधी दार वाजवावं लागतं आणि काका ‘‘कशाला पायजे?’’ विचारतात.

दुपारी मात्र टेबल त्यांचं. सरकारी संकेतस्थळावर बाजारभाव काढून ते चष्मा कपाळावर नेतात आणि मिरचीचा आकडा बोटानं दाबून धरतात. मग दुसऱ्या हातानं रिसिव्हर उचलून गुंटूरला फोन लावतात, ‘‘हितं कॉम्प्युटरमधी एवढा भाव दाखवायलाय. खरंय का?’’ दिवा आता विझत नाही.