कृपया आटोपते घ्यावे

कार्यक्रमाला लागणाऱ्या कागदांची यादी लांबलचक असते. निमंत्रणपत्रिका, सभागृहाच्या भाड्याची पावती, मांडववाल्याचं आणि साऊंडवाल्याचं बिल, सूत्रसंचालकाच्या हातातले पुठ्ठ्याला चिकटवलेले कागद. पण ज्याच्यावर सगळ्या संध्याकाळची अब्रू टांगलेली असते तो कागद आधी छापून येत नाही. तो ऐनवेळी निमंत्रणपत्रिकेच्याच कोऱ्या पाठीवरून फाडला जातो, शेजाऱ्याच्या पेनानं गुडघ्यावर धरून लिहिला जातो आणि चार घड्या घालून व्यासपीठाकडे रवाना होतो. वक्त्याला पाठवायची चिठ्ठी.

एका व्याख्यानमालेच्या समितीत बरीच वर्षं काढल्यामुळे या चिठ्ठीबद्दल मला अधिकारवाणीनं बोलता येतं. तिचा मजकूर ठरलेला आहे. 'वेळ संपली' असं लिहायचं नसतं. ते पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवण्यासारखं होतं. 'कृपया आटोपते घ्यावे' असं लिहायचं, आणि लिहिणारा अगदीच भिडस्त असेल तर खाली 'ही विनंती'. मग ती पोचवायची कोणी, हा प्रश्न. कार्यवाह सहकार्यवाहांकडे बघतात, सहकार्यवाह मोबाइलमध्ये बघतात. शेवटी समितीतलं सगळ्यात तरुण पोरगं निघतं. ते कमरेत वाकून व्यासपीठ ओलांडतं. वाकलं की आपण दिसत नाही अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. प्रत्यक्षात तोवर वक्त्याकडे बघणारं सभागृहही आता त्या पोराकडे बघायला लागतं. जाणते कार्यकर्ते त्याच्या हातात पाण्याचा पेला देतात, म्हणजे पाणी द्यायला गेला होता आणि सोबत चुकून एक कागदही गेला, असं वाटावं.

चिठ्ठी पोचल्यावर काय होतं ते वक्त्याच्या जातकुळीवर अवलंबून. काहीजण ती वाचतात, नीट घडी घालतात, त्याच पाण्याच्या पेल्याखाली ठेवतात आणि पेशवाईच्या उत्तरार्धाकडे वळतात. काहीजण 'शेवटचा मुद्दा मांडतो आणि थांबतो' म्हणतात. त्या शेवटच्या मुद्द्याला तीन उपमुद्दे असतात. उभं राहिल्या राहिल्या मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवणाऱ्या वक्त्याला मी विशेष घाबरतो, कारण एकदा ते घड्याळ समोर ठेवलं की ते त्याकडे बघत नाहीत. आणि सगळ्यात कठीण प्रकार म्हणजे चिठ्ठी जाहीरपणे वाचून दाखवणारे. 'संयोजकांची चिठ्ठी आली आहे. बोलू, की थांबू?' असं ते थेट सभागृहालाच विचारतात. 'थांबा' असं उत्तर महाराष्ट्रातल्या एखाद्या सभागृहानं दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. 'बोला, बोला!' असा गजर होतो, आणि त्यात पुढे होऊन ओरडणारे दोघेतिघे थोड्याच वेळात चपला शोधत बाहेर पडतात.

चिठ्ठ्या दुसऱ्याही असतात. फाटकापाशी आडव्या लागलेल्या गाडीचा नंबर, व्यासपीठावर नाव घ्यायचं राहून गेलेले माजी नगराध्यक्ष. एका व्याख्यात्यांनी भगवद्गीतेतल्या स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगताना मध्येच चिठ्ठी उलगडली आणि त्याच गंभीर सुरात पांढऱ्या मोटारीचा क्रमांक वाचला. मागच्या रांगेतला गाडीमालक उठून धावत सुटला. स्थितप्रज्ञ कोण नव्हे हे सगळ्यांना तत्काळ समजलं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. या सगळ्यात वक्त्याचा गुन्हा फारसा नसतोच. चिठ्ठी नेहमी चुकीच्या माणसाला जाते.

साधा हिशेब मांडून बघा. पत्रिकेवर सहा वाजता छापलेलं असतं. सहाला पहिल्या दोन रांगा 'राखीव' असल्यामुळे रिकाम्या आणि शेवटच्या दोन रांगा बाहेर पडायला बऱ्या म्हणून भरलेल्या. मान्यवर 'निघालेत' असा फोन येतो, म्हणजे अंघोळीला गेलेले असतात. साडेसहाला ते येतात. मग दीपप्रज्वलन. समई ही वरवर गरीब दिसणारी, पण अत्यंत मानी वस्तू आहे. तिच्या वाती आधीच तेलात भिजवून, एकदा पेटवून विझवून ठेवाव्या लागतात, टोकाशी कापराचा चुरा लावावा लागतो, काडीऐवजी मेणबत्ती द्यावी लागते आणि मुख्य म्हणजे वरचा पंखा बंद करावा लागतो. हे सगळं माहीत असलेला माणूस समितीत एकच असतो आणि तो त्या दिवशी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलेला असतो. वाती पाच आणि मान्यवर सहा असतील तर सहावा माणूस कोणाच्या तरी कोपराला हात लावून उभा राहतो. छायाचित्रकार म्हणतो, 'सर, इकडे बघा', सर इकडे बघतात, वात तिकडे राहते. तेवढ्यात कोणाला तरी उकडतं आणि तो पंखा लावतो.

मग प्रास्ताविक. प्रास्ताविक करणाऱ्याला संस्थेचा इतिहास सांगायचा असतो आणि तो स्थापनेच्याही आधीपासून सुरू करायचा असतो. मग परिचय. 'पाहुण्यांना परिचयाची गरज नाही' हे पहिलं वाक्य झालं की सरळ दोन पानं. मग सत्कार. शालीचं प्लास्टिक आधी काढून, घडी मोडून ठेवली नसेल तर मान्यवर ते प्लास्टिक दातांनी उघडेपर्यंत सनई वाजत राहते. ज्यांच्या हस्ते सत्कार झाला त्यांचाही सत्कार करावा लागतो, नाहीतर ते पुढच्या वर्षी देणगी देत नाहीत. या सगळ्यातून बिचाऱ्या वक्त्याच्या हाती माईक येतो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झालेली असतात. सभागृह आठला रिकामं करून द्यायचं असतं. तो दोनशे किलोमीटरवरून आलेला, महिनाभर टिपणं काढलेली, आणि सात पस्तीसला त्याच्यासमोर पाण्याचा पेला येतो.

प्रास्ताविक करणाऱ्याला चिठ्ठी गेलेली मी पाहिलेली नाही. तो आपला असतो. आपल्या माणसाला कोण थांबवणार?

व्याख्यान ऐकायला जमण्याचं हे वेड आपल्याकडे जुनं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी ग्रंथकारांना एकत्र आणण्यातही त्यांचा पुढाकार होता आणि तिथूनच आजचं साहित्य संमेलन उगवलं. त्या काळच्या सभांचा विचार केला की मला एका गोष्टीचा हेवा वाटतो: तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर छातीतून काढावा लागे, आणि छाती कधीतरी थकतेच. निसर्गानंच दिलेली चिठ्ठी होती ती. माईक आला आणि माणूस कुजबुजत्या आवाजात रात्रभर बोलू शकू लागला.

पुढे कायद्यानं एक चिठ्ठी काढली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई केली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकारला बारापर्यंत सूट देता येते, तेवढीच पळवाट. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्र रात्र चालायचा. थंडीत शाली गुंडाळून, थर्मासमधला चहा पीत लोक पहाटेच्या रागांची वाट बघायचे. त्या वाट बघण्याची सवय झालेल्यांना दुपारी ऊन असतानाच मांडवात जाऊन बसणं सुरुवातीला जड गेलं. पण एक मान्य करायला हवं, दहाचा काटा जवळ आला की मोठमोठे कलावंतही भैरवीकडे वळतात आणि कोणाचा अपमान होत नाही. आमच्या व्याख्यानमालेला मात्र या कायद्याचा काही उपयोग नाही. बंदिस्त सभागृहाला त्यातून मोकळीक आहे.

गंमत अशी की वेळ पाळायचं शिक्षण आपल्या सगळ्यांचं झालेलं असतं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली घंटा सावध करते, दुसरी घंटा खाली बसवते. आठवीतली मुलगी दुसऱ्या घंटेला 'एवढे बोलून मी माझे भाषण संपवते' म्हणून वाक्य अर्धं टाकून उतरते. एकांकिका स्पर्धेत तर वेळ ओलांडली की गुण जातात, म्हणून कॉलेजातली पोरं नेपथ्यसुद्धा घड्याळ लावून उभं करतात. हीच मंडळी पुढे मोठी होतात, पाहुणे म्हणून येतात, आणि घंटा कुठल्या कुठे जाते. बक्षीस समारंभात त्याच मुलीला वेळेचं महत्त्व सांगताना प्रमुख पाहुणे तिची शेवटची बस चुकवतात.

२०२० मध्ये सगळं घरात गेलं तेव्हा समितीतल्या आम्हा काही जणांना आतून उकळ्या फुटल्या होत्या. सभागृह नाही, पंखा नाही, शाल नाही, सगळ्यात मोठं म्हणजे संयोजकाच्या बोटाखाली समोरच्याला गप्प करणारं बटण! पण सवयी माणसाआधी लॉग-इन करून बसलेल्या असतात. समईचा आधी काढलेला व्हिडिओ दाखवायची टूम निघाली, त्यात पंखा चालू होता. पाहुण्यांचा सत्कार म्हणून पडद्यावर शालीचं चित्र आलं, 'शाल कुरिअरनं पोचेल'. पाहुण्यांचा चेहरा कपाळापासून वर दिसत होता, बाकी छत. सुरुवातीचा काळ 'माझा आवाज येतोय का' आणि 'सर, तुम्ही म्यूटवर आहात' यात गेला; कोणाच्या तरी कुकरनं तीन शिट्ट्या देऊन पुढची सूत्रं हाती घेतली. शेवटी सगळ्यांनी कॅमेरे चालू करायचे, एक स्क्रीनशॉट घ्यायचाय. हा सामूहिक फोटो आला आणि कार्यक्रम अगदी पूर्वीसारखा वाटू लागला.

ते बटण मात्र कोणी वापरलं नाही. माणसाचा आवाज बंद करणं हे चिठ्ठीपेक्षा फार भारी काम. म्हणून आम्ही चॅटमध्ये चिठ्ठी लिहायला लागलो, तिथे एक नवीच धास्ती. ती एकट्या वक्त्याला जाते की सर्वांना, हे ठरवणारी इवलीशी चौकट. आमच्या एका सदस्यांनी 'प्रास्ताविक अजून किती चालणार आहे?' असं मनापासून लिहून सर्वांना पाठवलं. त्यानंतर त्या प्रास्ताविकाला जी गती आली ती अभूतपूर्व होती. चिठ्ठी योग्य माणसाला पोचल्याचं व्याख्यानमालेच्या इतिहासातलं ते एकमेव उदाहरण, आणि ते अपघातानं घडलं.

ऑनलाइन जमण्यानं परदेशातले आप्त जोडले गेले, ते फार छान झालं, पण वेळेचा गुंता वाढला. भारताचं घड्याळ वर्षभर एकच; अमेरिकेतलं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं, इंग्लंडमधलं त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. २०२३ चा पाडवा २२ मार्चला, म्हणजे नेमका या दोन रविवारांच्या मधे आला होता. न्यू यॉर्क आपल्यापासून साडेनऊ तासांवर आलेलं, लंडन अजून साडेपाचवरच. मागच्या महिन्याची पत्रिका समोर ठेवून नवी केली की एका खंडातले लोक तासभर आधी येणार हे नक्की. आमच्याकडे तसं झालंही, पण कोणाचं काही बिघडलं नाही. कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही याची त्यांना सवय होतीच.

आता दोन्ही एकदम चालतं. सभागृहात माणसं, कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा, आणि घरी बसलेले यूट्यूबवर. यूट्यूबचा आवाज काही सेकंदांनी मागून येतो, त्यामुळे तिसऱ्या रांगेत कोणी आपल्याच कार्यक्रमाचं प्रक्षेपण मोबाइलवर लावलं की वक्त्याचं प्रत्येक वाक्य दुसऱ्यांदा ऐकू येतं. पूर्वी साऊंडवाल्याला 'जरा आवाज वाढवा' एवढंच सांगावं लागे. आता त्याच्याशेजारी केबलच्या भेंडोळ्यात बसलेला मुलगा कानावर हेडफोन लावून कोणाचंच ऐकत नाही, आणि माझ्या मते सबंध कार्यक्रमात नेमकं काम करणारा तो एकटाच असतो.

एक यंत्रणा मात्र मला मनापासून आवडली. झूमच्या फुकटच्या बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा आहे. चाळिसावं मिनिट भरलं की अध्यक्ष असोत, देणगीदार असोत, संस्थापकांचे चिरंजीव असोत, सगळे एकदम नाहीसे. कोणी रागावत नाही. उलट 'नेटचा प्रॉब्लेम असेल' म्हणून एकमेकांची समजूत काढतात. इतका निःपक्षपाती कार्यवाह आमच्या समितीला आजवर लाभला नव्हता. पण पुढे आम्ही वर्गणी काढून पैसे भरले आणि त्याला काढून टाकलं.

समितीच्या स्वतःच्या बैठका मात्र काटकसर म्हणून अजून फुकटच्याच खात्यावर होतात. यंदाच्या पूर्वतयारीच्या बैठकीत मी ठराव मांडला: इथून पुढे पहिली चिठ्ठी प्रास्ताविक करणाऱ्याला, पाचव्या मिनिटाला. अनुमोदन मिळालं, कोणाचाच विरोध नव्हता. फक्त ती चिठ्ठी घेऊन जाणार कोण, यावर चर्चा सुरू झाली. यंदाचं प्रास्ताविक खुद्द अध्यक्षच करणार आहेत. तरुण पोरगं म्हणालं, मी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जाणार आहे. सहकार्यवाहांना गुडघ्यामुळे वाकता येत नाही. कार्यवाहांनी सुचवलं की चिठ्ठीऐवजी नुसताच पाण्याचा पेला पाठवावा, अध्यक्षांना समजायचं ते समजेल. त्यावर कोणीतरी विचारलं, आणि ते पाणी पिऊन ताजेतवाने झाले तर? यावर अध्यक्ष स्वतः दोन शब्द बोलायला सरसावले. त्यांनी संस्थेच्या स्थापनेपासून सुरुवात केली, आणि चाळिसावं मिनिट भरलं.