गाळणी येईपर्यंत

न्यू जर्सीतील एडिसन गावी, भाड्याच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्यासारख्या गृहस्थाने लाकूड कापण्याच्या भानगडीत पडावे, असे माझ्या कुळवृत्तान्तात काहीही नाही. आमच्या घराण्यात खिळा ठोकण्याचा प्रसंग आला की सुताराला निरोप जाई, आणि तो येईपर्यंत तसबीर भिंतीला टेकून जमिनीवर उभी राही. क्वचित तसबिरीतील पुरुषाची पुण्यतिथीही त्याच अवस्थेत पार पडे. असे असता एका रात्री, निद्रा आणि विवेक दोन्ही दूर असलेल्या घटकेला, मी एक चित्रफीत पाहिली. तिच्यात एक प्रसन्नवदना स्त्री कागदावर वेलबुट्टी काढते, तो कागद टेबलावरच्या एका शुभ्र पेटीत ठेवते, एकच कळ दाबते, आणि तिचा चहा निवण्याच्या आत ती वेल अक्रोडाच्या फळीतून कोरून बाहेर येते. ही पेटी म्हणजे घरगुती लेझर कटर. ती अद्याप तयार व्हावयाची होती. तथापि जे आगाऊ रक्कम भरतील त्यांना ती पुष्कळ सवलतीत मिळावयाची होती. मी तत्काळ इसार दिला. म्हणजे संपूर्ण किंमतच दिली.

वर्गणीच्या बळावर वस्तू घडविण्याची प्रथा जिने रूढ केली त्या किकस्टार्टर संस्थेने २०१२ सालीच, आपण दुकान मांडून बसलेलो नाही, असा स्वच्छ जाहीरनामा काढला होता. परंतु माझी कंपनी निराळी असल्याने तो मला लागू नाही, असा निवाडा मी माझ्यापुरता देऊन टाकला. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "अहो, पण हे कापणार काय?" या प्रश्नाचे उत्तर मी कृतीने देण्याचे ठरविले, म्हणजे पुढल्या रविवारी मराठी मंडळाच्या बैठकीत सर्वांना वचने वाटली: बत्तीस कुटुंबांना नावाच्या पाट्या आणि मंडळाच्या गणपतीला कोरीव मखर.

त्यानंतर पत्रे येऊ लागली. पत्राचा आरंभ 'कळविण्यास अत्यंत आनंद वाटतो' असा असला की मुदत तीन महिन्यांनी पुढे गेली असे समजावे, आणि आरंभीच मनःपूर्वक क्षमायाचना असली तर सहा, हा ठोकताळा मी लवकरच बसविला. मुदतवाढीच्या प्रत्येक फर्मानासोबत यंत्रात काय सुधारणा झाली याचा सविस्तर खुलासा असे, आणि तो वाचून संतापण्याऐवजी आपली पेटी दिवसेंदिवस अधिक गुणवती होत आहे, या विचाराने उपवर कन्येच्या पित्यासारखे मला भरून येई. शिवाय प्रतीक्षा आमच्या रक्तातच आहे. वडिलांनी पुण्यात स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा मी बालवाडीत होतो, आणि ती दारात आली तेव्हा तिच्या मागच्या सीटवरून मी आठवीच्या वर्गाला गेलो.

गावात याच पेटीचे आणखी एक उमेदवार होते. हे निवृत्त पोस्टमन. ज्यांनी उभी हयात लोकांची पार्सले वेळेवर पोहोचविली, त्यांनाच आता पार्सलाची वाट पाहावी लागत होती. दर शनिवारी कॉफीच्या दुकानात आम्ही दोघे कंपनीच्या ताज्या पत्राची रुजवात घेत असू. यंत्र ठेवण्यासाठी त्यांनी प्रथम एक टेबल केले. पहिल्या मुदतवाढीत त्याला खण बसविले, दुसऱ्या मुदतवाढीत पायांवर द्राक्षांचे घड कोरले, आणि तिसरीपर्यंत ते टेबल इतके देखणे झाले की त्यावर यंत्र ठेवणे त्यांना पातक वाटू लागले. हे सर्व त्यांनी करवत आणि पटाशी घेऊन केले, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

अखेर पेटी आली. पण तिच्यासोबत यावयाचा हवेचा फिल्टर आला नाही. तो मागाहून येईल, असे कळले. येथे वाचकांना निवेदन केले पाहिजे की लेझर कापतो म्हणजे जाळतो. १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा तो किरण डोळ्यांना दिसत नाही, पण त्याने केलेला धूर आंधळ्यालाही कळतो. प्लायवूडमधील डिंक जळाला की होळीची आठवण येते आणि ॲक्रिलिक कापले की दंतवैद्याच्या खोलीची. तो धूर गिळण्यासाठी फिल्टरच्या खोक्यात आधी जाडसर कापड, मग ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा शेकडा ९९.९७ या प्रमाणात अडविणारा घड्यांचा हेपा कागद, आणि शेवटी वास शोषणारा कोळसा असतो. यांतील हेपाचा जन्म १९४० च्या दशकात अणुबाँबच्या खटपटीत, किरणोत्सारी धूळ अडविण्यासाठी झाला. इतका इतिहास ज्या वस्तूला आहे तिला सौभाग्यवती "ती तुमची गाळणी" म्हणत.

गाळणी नसेल तर चार इंची नळी खिडकीबाहेर काढणे हा एकच मार्ग, आणि खिडकीबाहेर काहीही काढावयाचे नाही असे घराच्या करारनाम्यात स्पष्ट कलम. तरीही जानेवारीतल्या एका संध्याकाळी, बाहेर बर्फ असताना, मी खिडकी फटभर उघडून, नळी काढून, मुहूर्ताचा 'श्री' कापावयास घेतला. 'श्री'ची वेलांटी पुरी होते न होते तोच खालच्या मजल्यावरील वृद्ध बाईंनी धूर पाहून कर्तव्यबुद्धीने अग्निशामक दलास पाचारण केले. शिरस्त्राणे घातलेले चार धिप्पाड पुरुष घरात आले. त्यांतील एकाने तो अर्धवट 'श्री' उचलून, ही कोणती भाषा, असे आदराने विचारले. इमारतीच्या कचेरीने मात्र आदर न दाखविता लेखी ताकीद दिली.

लज्जा अधिक वाटण्याचे आणखी एक कारण होते. ज्या कर्बवायूच्या लेझरवर माझी पेटी चालते, तो कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये मरे हिल येथील बेल लॅब्जमध्ये निर्माण केला, आणि मरे हिल माझ्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर आहे. पटेलांचा जन्म बारामतीचा, अभियांत्रिकीची पदवी पुण्याची. १९६१ मध्ये ते बेल लॅब्जमध्ये रुजू झाले, म्हणजे नवा किरण शोधावयास त्यांना तीन वर्षे लागली. त्या किरणाचा धूर गाळणारे खोके मिळविण्यात माझी जवळजवळ तितकीच गेली.

आता एक कबुली. ही वर्षे माझ्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती. मला चित्र काढता येत नाही. चित्रफितीतील बाई यंत्रात कागद घालण्यापूर्वी वेलबुट्टी काढते, या तपशिलाकडे त्या रात्री माझे दुर्लक्ष झाले होते. माझ्या हातून मोर काढला तर त्याची पाणकोंबडी होते आणि गणपती काढण्याचे धाडस तर मी देवाच्या धाकानेच करीत नाही. परंतु मखराचे काय झाले, असा तगादा कोणी लावला की "गाळणी आली नाही" या एका वाक्याने निकाल लागे. विचारणारा उलट माझेच सांत्वन करी, कंपनीला दोन शब्द लावी, आणि मी उदारपणे तिची बाजू घेई. दोन गणेशोत्सव थर्माकोलवर निभावले, पण न झालेल्या मखराचा कारागीर म्हणून माझा लौकिक मंडळात वाढतच गेला.

गेल्या गुरुवारी गाळणी आली. खोके इतके जड की पोहोचविणाऱ्याने ते दारातच टेकवून सही घेतली. मी ते एकट्याने रेटीत रेटीत मार्गिकेच्या कोपऱ्यात नेले, त्यावर जुनी सोलापुरी चादर घातली आणि आधी पुस्तिका नीट वाचली पाहिजे असे घरात जाहीर केले. सौभाग्यवतींनी दोन दिवस वाट पाहिली. मग म्हणाल्या, "अहो, त्या खोक्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवलीय, चालेल ना?" मी ताबडतोब मंजुरी दिली.

गणपती सात आठवड्यांवर आले आहेत. आमच्या मंडळापैकी कोणी आपल्या ओळखीचे असेल, तर कृपा करून त्या कुंडीखाली काय आहे हे त्यांना सांगू नका.